समितीने दावा फेटाळला आणि प्रवेशफेरी बारा दिवसांवर आली: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. जळगाव जिल्ह्यातल्या एका वडिलांचा आहे. मुलीला नीटमध्ये चांगले गुण आहेत, अनुसूचित जमातीतून एमबीबीएसची जागा मिळेल असं दिसतंय. जमात ठाकूर. पडताळणीचा अर्ज ती अकरावीत असतानाच केला होता. परवा जमातीचे दावे तपासणाऱ्या पडताळणी समितीचा निकाल हातात पडला: दावा अवैध. कारणं तीन दिली आहेत. चुलत आजोबांच्या १९३८ च्या शाळा नोंदीत ‘भाट’ अशी वेगळी जात लिहिलेली आहे. कुटुंबाच्या चालीरीती ठाकूर जमातीशी जुळत नाहीत. आणि कुटुंब ठाकूरांच्या मूळ क्षेत्रातलं नाही. दुसऱ्या बाजूला मुलीच्या सख्ख्या काकांकडे २००९ ची व्हॅलिडिटी, म्हणजे समितीने दिलेलं वैधता प्रमाणपत्र आहे, आजोबांच्या १९४१ च्या शाळा नोंदीत ‘ठाकूर’ आहे आणि पणजोबांच्या घरातली १९२६ ची जन्माची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत आहे, तिथेही ‘ठाकूर’च आहे. या १९२६ च्या नोंदीचा समितीने निकालात उल्लेखच केलेला नाही. वडील विचारतात: समितीकडे फेरविचार मागू की थेट कोर्टात जाऊ? ओपनमधून जागा घेऊन नंतर प्रवर्ग बदलता येतो का? कोर्टाच्या तात्पुरत्या आदेशावर प्रवेश मिळाला तर पुढे पदवी जाऊ शकते का?

भाऊ, आधी तारखेचं बोलू.

फेरविचाराचा अर्ज करू नका. दहापैकी चार पालक हेच करतात आणि त्यात दोन आठवडे घालवतात. आपल्या राज्यात जात प्रमाणपत्र देणं आणि त्याची पडताळणी करणं याचा स्वतंत्र कायदा आहे, २००१ चा महाराष्ट्र अधिनियम २३. तो १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. त्याच्या कलम ७(२) प्रमाणे समितीचा आदेश अंतिम असतो आणि त्याला आव्हान फक्त उच्च न्यायालयात, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली देता येतं. अपील नाही, आणि स्वतःचाच निकाल फिरवण्याची तरतूद समितीला दिलेली नाही. मंत्रालयात निवेदन, पालकमंत्र्यांना भेट, आयुक्तांना ईमेल, या कशानेही तो आदेश हलत नाही. तुम्ही जळगावचे, म्हणजे तुमची रिट याचिका औरंगाबाद खंडपीठात लागेल. नाशिककर मुंबईला जातात, विदर्भातले नागपूरला, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. पत्ता चुकला तर आठवडा जातो, म्हणून एवढं लिहिलं.

समितीच्या आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल आजच मागा. सोबत समितीसाठी घरी आणि गावात चौकशी करणाऱ्या दक्षता पथकाच्या अहवालाची प्रत, गृहचौकशीतले जबाब आणि तुम्ही दिलेलं उत्तर. दक्षता अहवाल तुम्हाला आधी मिळाला होता का आणि त्यावर म्हणणं मांडायला संधी दिली होती का, हे पत्रात लिहिलेलं नाही. दिली नसेल तर तोच पहिला मुद्दा. अहवाल विरुद्ध गेला तर त्याची प्रत देऊन कारणे दाखवा नोटीस काढायची, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली माधुरी पाटील निकालात सांगून ठेवलं आहे, आणि आजची सगळी पडताळणी पद्धत त्याच निकालातून जन्माला आली आहे.

याचिकेत प्रतिवादी कोण, इथे हमखास चूक होते. समिती आणि राज्य शासन घालतात आणि प्रवेशफेऱ्या घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलला विसरतात. मग अंतरिम आदेश मिळतो, पण ज्याने प्रवेश द्यायचा तो म्हणतो, आम्ही या प्रकरणात नाही. सीईटी सेल पक्षकार हवाच. मागणीही नेमकी हवी: याचिका चालू असेपर्यंत मुलीला पडताळणी प्रमाणपत्राअभावी राखीव प्रवर्गातून बाहेर काढू नये, आणि ते शक्य नसेल तर तिच्या गुणवत्तेने मिळणारी एक जागा रिकामी ठेवावी. दुसरी मागणी जरूर लिहा. पहिली देताना न्यायमूर्ती पुष्कळदा थबकतात, दुसरी देणं त्यांना सोपं जातं.

उशीर का परवडत नाही, त्याचं कारण ‘एस. कृष्णा श्रद्धा’ हा निकाल, १३ डिसेंबर २०१९ चा. प्रश्न एमबीबीएसच्याच प्रवेशाचा होता. उमेदवाराची काहीही चूक नसेल, चूक यंत्रणेची असेल आणि उमेदवार विनाविलंब कोर्टात आला असेल, तर प्रवेशाची शेवटची तारीख उलटून गेल्यावरही मर्यादित मुदतीत प्रवेश द्यायला सांगता येतं, अगदी एखाददुसरी जागा वाढवूनही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. पण त्या निकालाचा सगळा भार ‘विनाविलंब’ या शब्दावर आहे. निकाल हातात आल्यापासून तिसऱ्या दिवशी याचिका दाखल झालेली असणं आणि पंचविसाव्या दिवशी असणं, यात एका वर्षाचा फरक पडतो.

आता समितीची कारणं. सोप्यापासून अवघडाकडे जाऊ.

मूळ क्षेत्राचा मुद्दा सगळ्यात लंगडा. पूर्वी ठाकूर जमातीला काही ठराविक तालुक्यांतच अनुसूचित जमातीचा दर्जा होता, हे खरं. पण १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ते क्षेत्रबंधन काढलं आणि २७ जुलै १९७७ पासून ते गेलं. यादीत ४४ व्या क्रमांकावर ठाकूर, ठाकर, का ठाकूर, का ठाकर, मा ठाकूर, मा ठाकर अशी नोंद आहे, तालुक्याचा उल्लेख नाही. तरीही ‘मूळ क्षेत्रातले नाहीत’ हे वाक्य आदेशांत पुन्हा पुन्हा येतं. मी ते इतक्या आदेशांत वाचलं आहे की कधी कधी वाटतं, जुन्या आदेशातून उचलून नव्यात ठेवलं जातं. एका मुलीच्या आयुष्याचा निर्णय असा उचललेल्या वाक्यावर व्हावा, याची मला चीड येते.

दुसरं कारण आप्तभाव चाचणी, ज्याला सगळे ॲफिनिटी म्हणतात. लग्नात कोणती गाणी म्हणता, कुलदैवत कोणतं, मयताला काय करता, जुने दागिने कोणते. घरात आजी असेल तर तिला थोडंफार सांगता येतं. तीन पिढ्या जळगाव शहरात राहिलेल्या आणि मुलं इंग्रजी शाळेत घातलेल्या घराला हे प्रश्न विचारून त्यावरून जमात ठरवायची, हे न्यायालयांनी दोनदा तरी स्पष्ट नाकारलं आहे. २०११ च्या ‘आनंद’ निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना सर्वांत जास्त वजन द्या, आप्तभाव फक्त पूरक. मग २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच पक्कं केलं. योगायोगाने तो खटला ठाकूर समाजाच्याच एका संघटनेचा होता: महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समिती. आप्तभाव ही अंतिम कसोटी नाही, स्थलांतराने आणि शिक्षणाने चालीरीती बदलतात, त्यामुळे त्या जुळल्या नाहीत एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. हा निकाल याचिकेला जोडा आणि त्यातला आप्तभावाचा भाग तुमच्या वकिलांना पहिल्याच तारखेला वाचून दाखवायला सांगा.

तिसरं कारण ‘भाट’. तुमची केस इथे आहे.

मी हे काम चोवीस वर्षं करतो आहे. पहिल्या काही वर्षांत मी विरुद्ध नोंदीला घाबरायचो. अशिलाने ती दाखवली नाही तर बरं, असं वाटायचं. मग एक प्रकरण घडलं. मुलगा तिसऱ्या वर्षाला होता, वैद्यकीयच. अंतरिम आदेशावर शिकत होता. त्याच्या कुटुंबाने मला दिलेल्या वंशावळीत पणजोबांना दोन भाऊ होते. प्रत्यक्षात तीन होते. तिसऱ्याच्या शाखेत वेगळी जात लिहिलेली होती, म्हणून ती शाखाच वंशावळीतून गाळली होती. दक्षता पथकाला ती जमिनीच्या जुन्या फेरफारात सापडली, वारसनोंदीत तिन्ही भावांची नावं एका ओळीत होती. सुनावणीच्या दिवशी सहायक सरकारी वकिलांनी तो कागद कोर्टापुढे ठेवला आणि माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. बाकी नोंदी चांगल्या होत्या. तिसऱ्या शाखेचा खुलासाही कदाचित करता आला असता. पण शपथपत्रावर खोटी वंशावळ आली की त्यानंतर कुणी काही ऐकत नाही. मुलगा कॉलेजातून बाहेर पडला. त्याच्या वडिलांचा चेहरा आजही आठवतो. आणि मी वेळेवर नीट विचारलं नाही, ही बोचही तशीच आहे.

तेव्हापासून माझ्या ऑफिसात पहिला प्रश्न हाच असतो: तुमच्या विरुद्ध जाणारा कागद कोणता? तो आधी द्या.

तर १९३८ च्या नोंदीचं काय करायचं? प्रथम, तो माणूस खरंच तुमच्या वंशावळीत बसतो का ते बघा. नाव आणि आडनाव सारखं असलं की समिती नातं गृहीत धरते. गाव तेच आहे का, वडिलांचं नाव जुळतं का, जन्मवर्ष त्या पिढीशी बसतं का? बसत नसेल तर तसं शपथेवर लिहा. बसत असेल तर नातं मान्य करा, अजिबात आढेवेढे घेऊ नका.

मग मूळ रजिस्टर डोळ्यांनी बघा. उतारा नव्हे, रजिस्टर. मागे एकदा अशाच कामाला मी स्वतः एका खेड्यातल्या शाळेत गेलो होतो. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, कडा वाळवीने खाल्लेल्या, पानं सुटी. उताऱ्यावर जी जात होती ती पानावर होती खरी, पण त्या एका रकान्याची शाई वेगळी होती. आजूबाजूच्या साऱ्या नोंदी बोरूच्या, काळपट तपकिरी. ती एकच निळी, टाकाच्या बारीक निबाची, आणि खाली खरवडल्याची खूण. ती नोंद आमच्या बाजूची होती. म्हणजे खाडाखोड आमच्या कामाची होती आणि तरीही मी ती याचिकेत वापरली नाही. उलट प्रकारही होतो, विरुद्ध नोंद नंतर घुसडलेली असते. म्हणून म्हणतो, रजिस्टर बघा, मोबाईलवर त्या पूर्ण पानाचा फोटो घ्या, वरच्या-खालच्या पाच-पाच नोंदींसकट.

नोंद खरी आणि नातंही खरं निघालं, तरी केस संपत नाही. १९२६ ची नोंद १९३८ च्या आधीची आहे आणि थेट तुमच्या शाखेची आहे. अनुसूचित जमातींसाठी मानीव दिनांक, म्हणजे कुटुंबाचा मूळ रहिवास ज्या दिवसाचा बघतात तो, ६ सप्टेंबर १९५०. त्या आधीच्या कागदांत जितका जुना कागद तितकं त्याचं वजन जास्त. समितीने तो कागद विचारातच घेतला नाही, हा आदेशातला सगळ्यात मोठा दोष आहे. याचिकेत हे पहिल्या पानावर हवं. तुम्ही तो समितीपुढे दिल्याची पोच मात्र शोधून ठेवा. पोच नसेल तर समितीची मूळ नस्ती, म्हणजे फाइल, कोर्टात मागवण्याची विनंती करा. कागद त्यात असेल तर पान क्रमांकासकट दिसेल. नोंद मोडीत असेल तर शासनमान्य मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या, भाषांतर कुणा ओळखीच्या गुरुजींकडून नको.

आता एक गोष्ट मला स्पष्ट विचारली पाहिजे आणि तुम्ही रागावू नका. ठाकूर हे नाव जमातीबाहेरही आहे. भाट, ब्रह्मभट्ट, क्षत्रिय अशा घरांतही ठाकूर लावतात, आणि समित्या सावध असतात त्याला कारण आहे. माधुरी पाटील प्रकरणातही हिंदू कोळी घरातल्या मुलींनी महादेव कोळी म्हणून दावा केला होता. अशा प्रत्येक जागेमागे इगतपुरी, कर्जत, अकोले तालुक्यांतल्या पाड्यावरचं एक मूल असतं, ज्याच्या घरात डॉक्टर कधी झालेला नाही. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकत्र बसवून विचारा, आपण कोण. उत्तर ‘भाट’ असं आलं तर लढू नका. मी केस घेणार नाही आणि दुसऱ्या कुणी घेतली तरी ती मुलीच्या डोक्यावर दहा वर्षं टांगलेली राहील. उत्तर ‘ठाकूर’ असेल तर मात्र एक पाऊलही मागे घेऊ नका.

काकांची व्हॅलिडिटी फार मोलाची आहे. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसाला रीतसर चौकशी होऊन वैधता मिळाली असेल, तर त्याच वंशावळीतल्या दुसऱ्याला ती नाकारायला समितीला भक्कम कारण लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये अपूर्वा निचळे निकालात हे सांगितलं, आणि २०२३ च्या निकालातही रीतसर चौकशीवर भर आहे. म्हणून काकांच्या फाइलची नक्कल काढा. २००९ ला दक्षता चौकशी झाली होती का, तेव्हा १९३८ ची नोंद समोर आली होती का? आली असूनही वैधता दिली असेल तर तुमचं काम बरंच हलकं झालं. मामांची व्हॅलिडिटी असेल तर ती सहसा कामाची नाही, जात वडिलांकडून धरतात. आईने एकटीने वाढवलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे २०१२ च्या रमेशभाई नायका निकालाचा आधार घेता येतो.

खंडपीठ बहुधा दोनपैकी एक करेल. प्रकरण समितीकडे परत पाठवून मुदतीत नव्याने निर्णय द्यायला सांगेल आणि तोवर प्रवेशाला संरक्षण देईल, किंवा काकांच्या वैधतेच्या अधीन राहून सशर्त व्हॅलिडिटी द्यायला सांगेल. दुसऱ्या प्रकारात काकांची वैधता पुढे रद्द झाली तर मुलीचीही जाईल. ही अट काकांना आत्ताच समजावून सांगा. घरात यावरून पुढे भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

ओपनमधून जागा घेऊन नंतर प्रवर्ग बदलण्याबद्दल: त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत जे लिहिलंय ते अंतिम, आणि एकदा फेरी संपली की बदल जवळपास अशक्य. गुणवत्तेवर खुल्या यादीत येणारा राखीव उमेदवार राखीव जागांच्या मोजणीत धरायचा नाही, पण त्याला राखीव जागेचं कॉलेज निवडता येतं, हे १९९६ च्या रितेश साह प्रकरणात ठरलं आहे. त्यासाठी व्हॅलिडिटी आधी हातात हवी.

पदवीचा प्रश्न. याचं उत्तर गोड करून सांगणं हा तुमच्यावर अन्याय होईल. नोव्हेंबर २००० मध्ये मिलिंद प्रकरणात घटनापीठाने हलबा कोष्टी म्हणजे अनुसूचित जमातीतले हलबा नव्हे असं ठरवलं, पण त्या विद्यार्थ्याची एमबीबीएस पदवी वाचवली, शिक्षणावर झालेला खर्च आणि लोकांना डॉक्टरची गरज बघून. पुढे सतरा वर्षं सगळे त्या ओळीचा आधार घेत राहिले. ६ जुलै २०१७ रोजी बहिरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो रस्ता बंद केला: २००१ च्या कायद्यानंतर दावा अवैध ठरला की त्या आधारावर मिळालेला लाभ जातो, हेतू खोटा होता की नाही हा प्रश्नच नाही. कलम १० मध्ये पदवी रद्द होणं आणि शिष्यवृत्तीची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होणं, दोन्ही लिहिलेलं आहे. अंतरिम आदेशात बहुतेकदा ‘याचिकाकर्तीला यावरून कोणताही हक्क सांगता येणार नाही’ अशी ओळ असते. ती ओळ खरी माना. एकदा डॉक्टर झाली की कोण काढतंय, असं नातेवाईक म्हणतील. त्यांचं ऐकू नका. पहिल्या वर्षातच याचिका अंतिम सुनावणीला लागावी यासाठी दर दोन महिन्यांनी वकिलांच्या मागे लागा.

ओबीसी, भटके-विमुक्त वाचकांसाठी दोन वाक्यं: तुमचा मानीव दिनांक वेगळा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७, आणि नॉन-क्रिमीलेअर वेगळं लागतं. त्यात आईचं उत्पन्न लपवू नका. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका डॉक्टरचं नॉन-क्रिमीलेअर रद्द केलं, पदवी राहू दिली, पण खुल्या प्रवर्गाच्या फीमधला फरक आणि वर ५० हजार रुपये भरायला लावले. आणि परराज्यातून नोकरीनिमित्त इथे आलेल्या कुटुंबांनी १९९० चा मारी चंद्रशेखर राव निकाल वाचावा. तो मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशावरूनच झाला: आंध्रात अनुसूचित जमातीत असलेला मुलगा लहानपणापासून मुंबईत वाढला, तरी महाराष्ट्रातल्या राखीव जागेवर त्याला हक्क सांगता आला नाही.

भाऊ, उद्या समितीकडून आदेशाची नक्कल काढा, परवा गावी जाऊन रजिस्टरचे फोटो घ्या, आणि सोमवारी साडेदहाच्या आत वकिलांकडे पोचा. सोबत काकांची मूळ व्हॅलिडिटी, आजोबांचा १९४१ चा उतारा, १९२६ च्या नोंदीची नक्कल, नीटचं गुणपत्रक आणि सगळ्या भावांची सगळी नावं असलेली वंशावळ. फाइलमध्ये सगळ्यात वर १९३८ चा ‘भाट’ लिहिलेला कागद ठेवा.